आपण कुठले?

१

मी पहिल्यांदा आजी झाले, त्या वर्षीची ही गोष्ट. नात नुकती पालथी पडायला लागली होती, तेव्हा आमच्या प्रांताचा कौल जाहीर झाला. कौल म्हणजे मतदान. या मोठ्या देशात एक प्रांत म्हणून राहायचं, की फुटून वेगळा देश करायचा, एवढाच प्रश्न. ज्यांना फुटायचं होतं त्यांना लोक प्रांतवाले म्हणत, ज्यांना राहायचं होतं त्यांना राजधानीवाले. एकाच घरात दोन्ही असत. नवरा एका बाजूला, बायको दुसऱ्या, आणि स्वयंपाक मात्र एकाच चुलीवर.

कौल गुरुवारी होता. त्याच्या आधीच्या रविवारी, भर दुपारी, प्रांतवाल्यांचं कार्यालय जळालं.

त्या वेळी कार्यालयात कुणी नव्हतं. सगळं गाव मैदानात सभेला. मीही तिथेच, कारण सभेच्या जेवणाचं काम माझ्या खानावळीकडे होतं. व्यासपीठावर अध्यक्ष बोलायला उभे राहणार, तेवढ्यात त्यांना आठवलं की वाचायचा चष्मा कार्यालयात राहिला. माझा धाकटा भाऊ चळवळीचा चिटणीस. तो म्हणाला, "मी आणतो," आणि सायकल काढून गेला.

आला तो चष्म्याशिवाय. अंगात काळा कोट, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेल्या, आणि घामानं नुसता भिजलेला. सभेत पुकारा करणाऱ्याला आम्ही भोंगा म्हणायचो. तो त्याही घाईत म्हणाला, "काय चिटणीस, बोहल्यावर चढताय का?" भावानं त्याच्या हातातला माइक ओढून घेतला.

"कार्यालय पेटलं," तो म्हणाला. "राजधानीवाल्यांनी पेटवलं."

गर्दीतून आवाज आले. "कोण? नाव सांगा. कोण?"

भाऊ क्षणभर थांबला. मग म्हणाला, "चष्मेवाला. मी दाराबाहेर होतो. माझ्या कानांनी ऐकलं. आतून ओरडत होता, 'आम्ही हा प्रांत वेगला होऊ देणार नाही. आम्ही सगलं जालून टाकू.'"

त्यानं आवाज असा हुबेहूब काढला की कुणाला शंकाच राहिली नाही. कार्यालयासमोर चष्म्याचं दुकान असलेल्या चष्मेवाल्यांना ळ म्हणता येत नसे, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

मैदान रिकामं झालं. मी माझ्या वयाच्या मानानं जेवढं पळता येईल तेवढं पळाले. पोचले तेव्हा रस्त्याच्या एका बाजूला कार्यालय जळत होतं आणि तिकडे कुणाचंही लक्ष नव्हतं. सगळे दुसऱ्या बाजूला, चष्म्याच्या दुकानासमोर. मी कोपरानं वाट काढत पुढे गेले. चष्मेवाले पायरीवर आडवे पडले होते. डोक्याखाली काचांचा चुरा. त्यांच्या हातात अजून लहानसा स्क्रू पिळायचा पेचकस होता.

ज्यांनी मारलं, त्यांच्यातल्या निम्म्यांच्या नाकावर त्यांनीच केलेले चष्मे होते.

२

सोमवारी सकाळी प्रांताच्या मुख्य ठाण्यातून इन्स्पेक्टरबाई आल्या. बारीक चणीच्या, केस पिकलेल्या, आणि बोलणं असं की समोरच्याला वाटावं या ऐकत नाहीयेत. चौकीत बातमीदारांची झुंबड, म्हणून त्यांनी माझ्या खानावळीची आतली खोली मागितली. बसल्या बसल्या पहिला प्रश्न अध्यक्षांना विचारला.

"चष्मेवाल्यांना मारलं कुणी?"

अध्यक्ष गडबडले. "बाई, तुम्ही आगीच्या तपासाला आलात ना?"

"हो. पण आग विझलीय. हे अजून चालू आहे." चष्मेवाले ज्या दवाखान्यात पडले होते, त्या दिशेला त्यांनी हात केला.

त्याचं उत्तर कुणी दिलं नाही. तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

चष्मेवाल्यांबद्दल सांगायला हवं. ते राजधानीकडचे. तरुणपणी बायकोला घेऊन इथे आले. त्यांच्या भाषेत 'आपण' आणि 'आम्ही' यांना एकच शब्द. इथे गाडीतून उतरल्या उतरल्या कुणीतरी अदबीनं विचारलं, "आपण कुठले?" त्यांना वाटलं, स्वतःबद्दल बोलायचं तर असंच बोलतात. म्हणाले, "आपण राजधानीचे." तेव्हापासून तोच शब्द जिभेवर बसला. आयुष्यभर त्यांच्या तोंडी तेवढंच. गावानं त्यांचं नाव आपणराव ठेवलं आणि त्यांनीही ते हसत घेतलं. एकदा भोंग्याला म्हणाले, "आज दुकान लवकर बंद. आपल्या बायकोला ताप आहे." भोंगा म्हणाला, "तुमच्या बायकोला म्हणा हो, माझी ऐकेल तर मलाही ताप येईल." त्यांची बायको आत पडल्या पडल्या हसत होती.

मला अक्षर त्यांच्यामुळे आलं. मी डोळे तपासायला गेले होते. समोर पाटी टांगलेली, मोठी अक्षरं वर, बारीक खाली. म्हणाले, "वाचा." मी गप्प. आणखी जाड काच लावली, मी गप्प. मग त्यांच्या लक्षात आलं. दुकानात दोन गिऱ्हाइकं बसली होती, म्हणून हळूच म्हणाले, "डोले चांगले आहेत ताई. आपण शिकू." आणि तो शब्द त्या दिवशी बरोबर होता, कारण आमची अक्षरं ते स्वतःही तेव्हाच गिरवत होते. माझं डोकं तोवर पांढरं व्हायला लागलं होतं.

इन्स्पेक्टरबाईंनी हे सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मावशी, चष्मेवाले कुणाच्या बाजूचे होते?"

"कौल नको म्हणायचे."

"म्हणजे राजधानीवाले."

"ते म्हणायचे, 'आपण भांडू, पण एका घरात भांडू.'"

बाईंनी चहाचा कप तोंडाशी नेला होता तो तसाच खाली ठेवला. मग म्हणाल्या, "हे पुन्हा एकदा सांगा. त्यांनी म्हटलं तसं."

३

सोमवारी दिवसभर त्यांनी लोकांना एकेक करून बोलावलं. मी चहा देत होते, त्यामुळे सगळं कानावर पडत होतं. मला वाटलं होतं, कोण कुठे होतं, काय पाहिलं असं विचारतील. तेही विचारलं, पण उडत उडत. प्रत्येकाला शेवटी एकच गोष्ट विचारायच्या.

"चष्मेवाल्यांची नक्कल येते का तुम्हाला?"

आणि ती सगळ्यांनाच येत होती.

पहिला भोंगा आला. त्याच्यावर संशयाला जागा होती. चळवळीनं त्याचे माइकचे कर्णे जुने झाले म्हणून शहरातून दुसरा माणूस आणायचं ठरवलं होतं, आणि त्यावरून तो अध्यक्षांना चारचौघांत नाही नाही ते बोलला होता.

"सभेच्या वेळी तुम्ही कुठे होता?" बाईंनी विचारलं.

"माझ्या आवाजाच्या मागं. मी थांबलो असतो तर गावाला कळलं असतं."

"कार्यालयावर राग होता म्हणे."

"राग होता. पण बाई, मी बोलून मोकळा होणारा माणूस. जो गप्प बसतो त्याला विचारा."

मग नक्कल. त्यानं मान तिरकी केली, नाकावर नसलेला चष्मा सरकवला. "'या या. आपण कालच तुमची काच घासली. आपल्याला वेल लागला, माफ करा.'" भोंगा हसला आणि हसू अर्ध्यावर अडकलं. "कसे आहेत ते?" त्यानं विचारलं.

"शुद्ध येते, जाते."

भोंगा चहा न पिताच गेला.

दुपारी अध्यक्ष. ते वकील होते, त्यामुळे उत्तर देण्याआधी प्रश्नाला वळसा घालायचे. आगीनं चळवळीचा फायदाच झाला, असं लोक म्हणतात, हे बाईंनी त्यांना तोंडावर सांगितलं. आठवडाभर आधी आमची बाजू मागे होती, हे कुणापासून लपलेलं नव्हतं. सोमवारी सकाळपासून मात्र राजधानीवाल्यांच्या घरांवरचे फलक लोक आपणहून उतरवत होते.

"फायदा झाला म्हणून आम्ही केलं, हा तर्क कोर्टात टिकत नाही," अध्यक्ष म्हणाले.

"मी कोर्टात कुठं बसलेय? खानावळीत बसलेय. गेल्या बैठकीत तुम्ही काय म्हणालात?"

"मी? मी म्हणालो, काहीतरी घडल्याशिवाय लोक हलणार नाहीत."

"काय घडावं, ते म्हणालात?"

"नाही. ते मी कधीच म्हणत नाही."

नक्कल मात्र त्यांनीही केली, फारशी बरी नाही. "'वकीलसाहेब, आपले कागद लांब धरू नका, आपण नवा नंबर देतो.'"

संध्याकाळी माझा भाऊ आला. कोट नव्हता. साधा सदरा. माझ्याकडे न बघता म्हणाला, "ताई, चहा नको." लहानपणी आई गेल्यावर मीच त्याला वाढवला. त्याला चहा नको असं माझ्या आठवणीत कधी झालं नव्हतं.

त्यानं तेच सांगितलं, शब्दाला शब्द. चष्मा आणायला गेलो, जिना चढलो, दार आतून बंद, धुराचा वास, आतून चष्मेवाल्याचा आवाज. "'आम्ही हा प्रांत वेगला होऊ देणार नाही. आम्ही सगलं जालून टाकू.'"

"दार आतून बंद. मग ते बाहेर कसे आले?"

"मागच्या जिन्यानं. मी मैदानाकडे पळालो तोवर गेला असेल दुकानात."

"आणि तुम्ही विझवायला न जाता मैदानाकडे आलात."

"एकट्यानं काय विझणार होतं?"

बाईंनी मान हलवली. जणू काही पटलंच. मग म्हणाल्या, "ठीक आहे. तुम्ही जा."

त्याला त्यांनी नक्कल करायला सांगितलं नाही. सगळ्या गावात एकट्या त्यालाच नाही.

४

मंगळवारी बाई मला घेऊन जळक्या कार्यालयात गेल्या. मी म्हटलं, मला कशाला, मी खानावळवाली. म्हणाल्या, "तुम्ही इथे रोज डबा द्यायचात. काय कुठे असायचं ते तुम्हाला माहीत."

जिना शाबूत होता. वर मात्र नुसता काळा चिखल. पत्रकांचे गठ्ठे आतून अजून धुमसत होते. मी बोट दाखवत गेले. इथे टेबल, इथे पाण्याचा माठ, इथे खुर्च्या, आणि त्या भिंतीवर झेंडा.

"कुठला झेंडा?"

"पहिला. चळवळ सुरू झाली तेव्हा गावातल्या बायकांनी शिवलेला. रेशमी. माझ्या आईचा हात आहे त्याला. दर सभेला मैदानात न्यायचे, पण परवा नवा मोठा आणला होता म्हणून हा इथेच राहिला."

"कशानं टांगलेला?"

"वरच्या कडेला पितळेच्या कड्या. जाड. आई म्हणायची, कापड फाटेल पण कड्या राहतील."

बाईंनी पदर खोचला आणि त्या भिंतीखालची राख हातानं उपसायला बसल्या. मीही बसले. खिळे सापडले. खुर्चीचे स्क्रू सापडले. तसबिरीची काच वितळून गोळा झालेली, ती सापडली. पितळेची एक कडी सापडली नाही.

"वितळल्या असतील," मी म्हटलं.

"बाजूला काचेचा गोळा आहे, तसा पितळेचा असता. तोही नाही." त्यांनी राखेचे हात झटकले. "मावशी, राजधानीच्या माणसानं हे पेटवलं असतं तर पहिल्यांदा काय पेटवलं असतं?"

उत्तर समोरच्या रिकाम्या भिंतीवर होतं. ज्यानं आग लावली, त्यानं आधी झेंडा उतरवून घेतला होता. त्याला सगळं जाळता येत होतं, पण तो जाळता येत नव्हता.

"मोठा असेल ना? चादरीएवढा?"

"चादरीपेक्षा मोठा. पण रेशमी, घडी बारीक होते."

"सायकलवरून, भर दुपारी, कुणाला न दिसता न्यायचा. कसा नेला असेल?" त्या माझ्याकडे बघत नव्हत्या, खिडकीबाहेर चष्म्याच्या फुटक्या दुकानाकडे बघत होत्या. "रविवारी कुणाच्या अंगावर वेगळं काही पाहिलंत का? मी इथली नाही. मला कळणार नाही."

माझी नात त्या वेळी घरी झोळीत झोपली होती, आणि भाऊ सकाळीच तिला बघून गेला होता. तिच्या मुठीत बोट देऊन बसला होता. त्याला स्वतःचं मूल नाही.

"माझ्या भावानं कोट घातला होता," मी म्हणाले. "गळ्यापर्यंत गुंड्या लावून. जाताना नव्हता, येताना होता. कार्यालयात खुंटीला असायचा तो."

५

संध्याकाळी बाईंनी सगळ्यांना खानावळीत बोलावलं. अध्यक्ष, भोंगा, भाऊ, कार्यकारिणीचे चारपाच जण, आणि ज्यांना राहवलं नाही असे आणखी कितीतरी दारात. मी चुलीशी उभी होते.

बाईंनी सुरुवात केली ती गप्पांसारखी. "दोन दिवस तुमच्या गावानं माझी करमणूक केली. चष्मेवाल्यांची नक्कल प्रत्येकाला येते. पण सगळे म्हणतात चिटणिसांसारखी कुणालाच नाही. मी ती ऐकलीच नाही. ते दुकान बंद ठेवायचे तेव्हा काय म्हणायचे हो?"

भाऊ बिचकला. पण दारातून कुणीतरी म्हणालं, "कर रे, कर." त्याचा चेहरा सैल झाला. गावानं आपल्याला पुन्हा आपल्यात घेतलं असं त्याला वाटलं असावं. त्यानं मान तिरकी केली.

"'आज आपण दुकान उघडणार नाही. आपल्या बायकोला ताप आहे. उद्या या, आपण तुमचे डोले बघतो.'"

दारात हसू फुटलं. फार नाही, पण फुटलं. मला अजून ते हसू ऐकू येतं.

"छान," बाई म्हणाल्या. "आता रविवारचं. दारातून जे ऐकलंत ते. त्याच आवाजात."

"'आम्ही हा...'"

आणि तो थांबला.

खानावळीत इतकी माणसं होती, पण चुलीतलं लाकूड तडकलेलं ऐकू आलं. भोंग्याचं तोंड उघडं राहिलं होतं. अध्यक्षांनी खाली पाहिलं. एकेकाच्या चेहऱ्यावर ते उमटत गेलं. आपणराव. ज्या शब्दावरून आम्ही माणसाचं नाव पाडलं, ज्यावर आयुष्यभर हसलो, तो शब्द रविवारी कुणालाही आठवला नव्हता.

"आवाज बरोबर काढलात," बाई म्हणाल्या. "ळ चा ल बरोबर केलात. ते बोलतात कसं ते तुमच्या ध्यानात राहिलं. ते काय बोलतात ते राहिलं नाही. ते स्वतःला तुमच्यापासून वेगळं काढून कधी बोललेच नाहीत. 'आम्ही' तुम्ही त्यांच्या तोंडात घातलंत, कारण तुमच्या मनात ते तिकडचे होते."

"रागात माणूस काहीही बोलतो," अध्यक्ष म्हणाले, पण आवाजात जोर नव्हता.

"रागात माणसाच्या चुका वाढतात, वकीलसाहेब. सुधारत नाहीत. काल मी त्यांच्या खाटेजवळ बसले होते. धड शुद्ध नव्हती. नर्सला म्हणत होते, 'आपल्याला पाणी द्या. आपल्या डोक्याला लागलंय.'" मग त्या भावाकडे वळल्या. "कोट कुठंय?"

भावाचे खांदे खाली आले. तो बाईंशी नाही, माझ्याशी बोलला.

"ताई, मी फक्त राजधानीवाले म्हणणार होतो. नाव घ्यायचं ठरलं नव्हतं. लोक कोण कोण ओरडायला लागले. मला दुसरं कुणी सुचलंच नाही. इथं राजधानीचं म्हणून दुसरं होतं कोण?"

"ठरलं नव्हतं," बाई म्हणाल्या. "कुणाशी?"

भावानं मान वर केली नाही. "माझं माझ्याशी. अध्यक्ष म्हणाले होते, काहीतरी घडायला हवं. मी घडवलं. अध्यक्षांचा चष्मा कुणी मुद्दाम ठेवला नव्हता, तो खरंच राहिला होता. तो घ्यायला गेलो, तिथं कुणीच नव्हतं, आणि मला वाटलं, हीच वेळ." थोडं थांबून म्हणाला, "झेंडा तेवढा काढून घेतला. आईनं शिवलेला."

"तो झेंडा घरी ठेवून तू कोट उतरवलास, तोवर इकडे माणूस पायरीवर पडला होता," भोंगा म्हणाला. त्याला असं हळू बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं.

अध्यक्ष उठले. दार लावून घ्या म्हणाले, पण दारात माणसं होती, ते लागेना. मग तसेच बोलले. "बाई, जे झालं ते वाईट झालं. मी लपवा म्हणत नाही. पण परवा कौल आहे. परवापर्यंत थांबा. एका माणसाच्या मूर्खपणासाठी एवढ्या वर्षांची चळवळ पाण्यात जाईल."

"तोवर त्यांच्या दारावर शिपाई बसलाय. कागदोपत्री ते आरोपी आहेत."

"दोन दिवसांनी काय बिघडतं?"

बाई काही बोलणार होत्या, पण भोंगा आधी उठला. "कर्णे जुने झालेत माझे," तो अध्यक्षांना म्हणाला, "पण अजून वाजतात." आणि बाहेर पडला.

त्या संध्याकाळी त्यानं गाडीवर कर्णे बांधले आणि गल्लीगल्लीतून फिरला. एकच वाक्य. "कार्यालय चष्मेवाल्यांनी जाळलं नाही. आम्हीच जाळलं." एरवी त्याची गाडी आली की लोक दारात येत. त्या दिवशी ती जसजशी पुढे गेली तसतशी घरं खिडक्या लावून घेत गेली.

६

त्याच रात्री पोलिसांनी भावाला नेलं तेव्हा झेंडाही नेला. मी निरोप द्यायला गेले नाही, दवाखान्यात गेले. भोंगा होता, इन्स्पेक्टरबाई होत्या, आणि अध्यक्षही मागून आले. दारावरचा शिपाई काढला होता. त्याची खुर्ची मात्र तशीच होती.

चष्मेवाल्यांना त्या वेळी शुद्ध होती. डोकं बांधलेलं, एक डोळा सुजून बंद. बायको उशाशी बसलेली. तिनं आम्हाला या म्हटलं नाही, जा म्हटलं नाही. बाईंनी त्यांना सगळं सांगितलं. कुणी आग लावली, कुणाचं नाव घेतलं, लोकांनी कशावर विश्वास ठेवला, आणि कुठल्या शब्दानं खोटं उघडं पडलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"म्हणजे त्यांना वाटलं आपण असं बोललो," ते म्हणाले.

"हो."

"सगल्यांना?"

ते माझ्याकडे बघत होते. मी मान खाली घातली. समोर त्यांच्या पायांवरची चादर दिसत होती, तिच्यावर दवाखान्याचं नाव छापलेलं, आणि ते मला वाचता येत होतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला. "जे झालं त्याची लाज वाटते. रागात होऊन गेलं. पण झालं गेलं विसरून जाऊ. शेवटी आपण सगळे एकच आहोत."

एवढ्या वर्षांत गावातल्या कुणी त्यांना धरून 'आपण' म्हटल्याचं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी पहिल्यांदा म्हटलं, आणि तेही सुटका करून घ्यायला.

चष्मेवाल्यांनी डोळा मिटला. मला वाटलं झोपले. मग बायकोचा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "तुम्ही या आता. आम्ही थकलो."

बाहेर पडताना भोंगा जिन्यात खाली बसला. त्यानं ते ऐकलं होतं. मीही ऐकलं होतं. जो शब्द आम्ही इतकी वर्षं हसून हसून सुधारत होतो, तो ते पहिल्यांदा बरोबर बोलले होते.

गुरुवारी कौल झाला. अर्धं गाव घरातून निघालंच नाही. प्रांत वेगळा झाला नाही, आजही देशातच आहे. काही जण म्हणतात तो चष्मेवाल्यांच्यामुळे राहिला. त्यांचा त्यात काही संबंध नाही. जे झालं ते आमच्यामुळे झालं. त्यांच्या बायकोनं दुकानात तयार होऊन पडलेले चष्मे पुड्या बांधून माझ्या खानावळीत आणून ठेवले, ज्याचे त्याला द्या म्हणाली, आणि राजधानीकडे गेली. ते न्यायला फारसं कुणी आलं नाही.

माझा भाऊ शिक्षा भोगून आला आणि नात शाळेत जायला लागली त्या वर्षी, हिवाळ्यात, माझ्या घरी वारला. चष्मेवाले कौलाच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, सरकारी दवाखान्यात वारले.